उशाजवळचे तापमान

गेल्या वर्षी एप्रिलमधल्या एका रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तेव्हा आईच्या खोलीतला एसी बंद होता, खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या आणि आई अंधारात पलंगावर बसून पदराने मान पुसत होती. मी दिवा लावला. ती म्हणाली, "मघाशी पायांना लई गार लागलं, म्हणून बंद केला. आता उकडतंय. पण तुला कशाला उठवायचं?" आईचे वय 83 आहे. तिला रिमोटवरचे आकडे दिसत नाहीत आणि अंधारात कोणते बटण कोणते हेही कळत नाही. बंद करायचे एक मोठे बटण तिने हाताने ओळखून ठेवले होते, एवढेच. त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागले.

आमचे घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले जुने आहे. पुढच्या भागाला जाड भिंती आहेत, पण आईची खोली परसाकडे नंतर वाढवलेली असून तिच्यावर पत्रा आहे आणि पत्र्याखाली प्लायवूडची तक्तपोशी आहे. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढणारा नसला, तरी एप्रिलच्या दिवसभरात तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे एक टनाचा एसी बसवला आणि प्रश्न सुटला असे आम्ही समजलो.

त्यानंतरच्या तीन रात्री मी दोन साधे तापमापक घेऊन खोलीत बसले. एक आईच्या पायथ्याशी ठेवला आणि दुसरा वर एसीच्या बाजूला दोऱ्याने टांगला. एसी 25 अंशांवर लावलेला होता. तासाभराने वरचा तापमापक 25 ते 26 दाखवत होता, तर पायथ्याशी साडेबावीस अंश होते, कारण थंड हवेचा झोत सरळ पलंगावर येत होता. एसीचा तापमान जाणणारा छोटा घटक त्याच्या आतल्या बाजूला, जाळीमागे, खोलीतली हवा जिथून ओढली जाते तिथे असतो. म्हणजे तो आईचे नव्हे, तर तापलेल्या छताजवळच्या हवेचे तापमान मोजत होता आणि ती हवा 25 अंशांवर आणण्यासाठी खाली आईला गारठवत होता. आई एसी बंद करी आणि दोन वाजेपर्यंत तीच खोली 30 अंशांवर जाई. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. ते आपले काम चोख करत होते, फक्त मोजण्याची जागा चुकलेली होती.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारा घटक. हा शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावरच घरात येतो. फ्रिजचा थर्मोस्टॅट गेला, गीझर कट होत नाही, इस्त्री जास्त तापते, अशा तक्रारींतून त्याची ओळख होते. इस्त्रीतून मधूनमधून येणारा 'टक्' असा आवाज त्याचाच असतो. दोन वेगवेगळ्या धातूंच्या एकमेकींना जोडलेल्या पट्ट्या तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात, त्यामुळे वाकतात आणि वीज तोडतात, निवल्यावर सरळ होऊन पुन्हा जोडतात. अँड्र्यू यूर नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 मध्ये अशाच धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले आणि हा शब्दही त्यानेच रूढ केला. पण मला अधिक जवळची वाटली ती वॉरन जॉन्सन यांची हकिकत, कदाचित मी स्वतः तीस वर्षे वर्गात उभी राहिले आहे म्हणून. ते अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर येथे शिक्षक होते. वर्ग तापवणारी भट्टी तळघरात होती आणि कोणत्या वर्गात गार झाले, कोणत्या वर्गात उकडते हे पाहायला शिपायाला तास चालू असताना आत यावे लागे. जॉन्सन यांनी वर्गात तापमान जाणणारे विजेचे उपकरण बसवले, ज्यामुळे तळघरात घंटा वाजून शिपायाला कळू लागले. 1883 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. भट्टी खाली, माणसे वर, आणि मोजणी माणसे बसतात तिथे, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होती. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा पुढचा सगळा इतिहास याच विचारावर उभा आहे आणि आपल्या स्प्लिट एसीत नेमका तोच विचार राहून गेला आहे.

हे वाचताना मला गुऱ्हाळ आठवले. आईचे माहेर आंबेवाडीचे. लहानपणी डिसेंबरात तिकडे गेलो की आम्ही भावंडे काहिलीपासून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपासून, ठरावीक अंतरावर बसून रस आटताना पाहत असू. चुलवाणात चिपाडे सारणारा माणूस खालच्या बाजूला असे. त्याला काहिलीतले काही दिसत नसे. वर उभा असलेला गुळव्या पाकाचे बुडबुडे पाही, थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का ते बघे आणि मग खाली सांगे, जाळ वाढव, जाळ कमी कर. गुळाचा रंग आणि कण त्या एका शब्दावर अवलंबून असे. पाक कसा आहे हे कळायला पाकाजवळच असावे लागते, जाळाजवळ बसून ते कळत नाही.

माझा धाकटा भाऊ मिनियापोलिसला असतो. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे हिवाळ्यात राहिले होते, तेव्हा त्याने जुना थर्मोस्टॅट काढून फोनवरून चालणारा नवा बसवला होता आणि मी विजेरी धरून शेजारी उभी होते. त्याच्या घरी तळघरात गॅसवर चालणारी एकच भट्टी आहे, तिची गरम हवा पत्र्याच्या नळांतून सगळ्या खोल्यांत जाते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिला चालू-बंद करतो. त्याने आधी मुख्य बोर्डातून भट्टीची वीज बंद केली, जुन्या उपकरणाचे झाकण काढून तारांचा फोटो घेतला आणि प्रत्येक तारेला अक्षर लिहिलेली चिठ्ठी लावली. आर म्हणजे वीज आणणारी, डब्ल्यू गरम करणारी, वाय थंड करणारी, जी पंख्याची. या तारांतून आपल्या घरातल्यासारखी 230 व्होल्टची नव्हे, तर 24 व्होल्टची वीज जाते. अडचण आली ती सी नावाच्या पाचव्या तारेची. जुने उपकरण वीज फक्त तोडायचे आणि जोडायचे, त्याला स्वतःला सतत वीज लागत नव्हती. नव्याला पडदा आहे, वायफाय आहे, त्यामुळे वीज परत जाण्याची वाट त्यालाही हवी असते आणि ती वाट म्हणजे ही सी. सुदैवाने भिंतीच्या आत दुमडून ठेवलेली एक न वापरलेली निळी तार सापडली आणि तिचे दुसरे टोक तळघरात भट्टीला जोडल्यावर काम झाले.

तेच उपकरण कोल्हापूरला आणावे असे भावाने सुचवले, आणि इथे मला त्याला फोनवर बराच वेळ समजावावे लागले. आपल्याकडे घरभर हवा नेणारी एकच यंत्रणा नसते. ज्या त्या खोलीचा एसी वेगळा आणि तो फक्त आपल्या रिमोटच्या अवरक्त किरणांचे ऐकतो. अमेरिकन थर्मोस्टॅटच्या तारा जोडायला त्यात जागाच नाही. मग आपल्यासाठी उरतात तीन वाटा. पहिली, वायफाय असलेला नवा एसी घेणे, पण तो फोनचे ऐकत असला तरी बहुतेक वेळा मोजतो स्वतःच्या तोंडाशीच. दुसरी, एसीच्या सॉकेटवर फोनवरून चालू-बंद होणारा स्मार्ट प्लग लावून वीजच तोडणे. ती मला अजिबात मान्य नाही, कारण चालू कॉम्प्रेसरची वीज अशी पुन्हापुन्हा तोडणे त्याच्या आयुष्याच्या मुळावर येते आणि वीज परत आल्यावर एसी आपणहून सुरू होईलच असेही नसते. तिसरी वाट म्हणजे रिमोटची भाषा बोलणारा छोटा नियंत्रक भिंतीवर लावून त्याच्याशी बिनतारी जोडलेला तापमान आणि आर्द्रता मोजणारा वेगळा सेन्सर पलंगाजवळ ठेवणे. मी ती निवडली. निवडताना कंपनीच्या नावापेक्षा चार गोष्टी पाहिल्या. सेन्सर वेगळा असावा, इंटरनेट गेले तरी घरातल्या घरात त्याचा नियम चालू राहावा, आईने हातातल्या रिमोटने काही केले तर ते त्याला कळावे, आणि हाताने दाबायला खरेखुरे बटण असावे.

घरी आणण्याआधी मी आईला सगळे समजावून सांगितले, कारण खोली तिची आहे. कागदावर पलंग काढला, एसी काढला आणि म्हटले की तुझ्या उशाजवळ 28 अंश झाले की हा एसीला सांगेल चालू हो, आणि 26 झाले की सांगेल बंद हो. ती थोडा वेळ कागद बघत राहिली आणि म्हणाली, "राधानगरीच्या दरवाजासारखं म्हण की."

याहून चांगली उपमा मला सुचली नसती. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की पाण्याच्या जोरानेच ते उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात, कोणी बटण दाबत नाही. पावसाळ्यात किती दरवाजे उघडले याकडे अख्ख्या जिल्ह्याचे कान असतात, कारण एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत आणि तिथून पंचगंगेत येते. पण आईचे बोलणे संपलेले नव्हते. "पण ते दरवाजे धरणातलं पाणी बघत्यात," ती म्हणाली. "आंबेवाडीत पाणी दारात आलंय का, ते त्यास्नी कुठं कळतंय?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट आहे. नदी ती पातळी गाठण्याच्या बेतात असली की चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरे घेऊन निघायच्या तयारीला लागतात, आणि 2019 च्या व 2021 च्या महापुरात आईचे भाऊ असेच निघाले होते. धरणाचा दरवाजा धरण वाचवण्यासाठी आहे, त्याने धरणच पाहायचे असते, त्यात त्याचा दोष नाही. तरीही ज्याच्या दारात पाणी येते त्याला त्याच्या दारातली मोजणी लागते. छताजवळचे तापमान पाहून चालणारा एसी आणि पायांना गारठा लागलेली म्हातारी बाई यांचे नाते मी तीन रात्री तापमापक घेऊन शोधत होते, ते आईने दोन वाक्यांत सांगितले.

बसवणे मात्र एका दिवसात झाले नाही. आधी वायफायने अडवले. हे नियंत्रक बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि माझा फोन 5 गिगाहर्ट्झवर जोडलेला होता, त्यामुळे जोडणी होता होता तुटत होती. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावे दिल्यावर ती अडचण सुटली. मग जुन्या जाड भिंती आल्या. पुढच्या खोलीतला राउटर माजघर ओलांडून परसाकडे पोचेना, म्हणून तो मधल्या दाराच्या वर हलवला.

सेन्सरची जागा शोधायला आठवडा गेला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला खरा भाग तोच होता. पुस्तिकेत लिहिले होते की तो जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर, ऊन आणि झोत यांपासून दूर लावावा. ते उभ्या आणि फिरत्या माणसांच्या घरासाठी योग्य आहे. आई मात्र त्या खोलीत दोन फुटांवर, आडवी असते. मी पहिल्यांदा पलंगाजवळच्या कोनाड्यात तो ठेवला, कारण जागा तयारच होती. तिथे तो उशाजवळच्या तापमापकापेक्षा दोन अंश जास्त दाखवू लागला, कारण कोनाड्यात हवा फिरत नाही आणि दिवसाची तापलेली भिंत तीन बाजूंनी त्याला वेढून असते. मग खिडकीच्या चौकटीला लावला, तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हाने तो फसला. पलंगाच्या पायथ्याच्या लाकडाला लावला, तर झोत थेट त्याच्यावर आला आणि एसी पाच मिनिटांत बंद होऊ लागला. शेवटी उशाकडच्या बाजूला, पलंगाच्या उंचीच्या एका स्टुलावर, आईच्या औषधांच्या डब्याशेजारी तो ठेवला आणि एसीची पाती वर वळवून झोत समोरच्या भिंतीकडे सोडला. त्या जागी तो आणि साधा तापमापक यांच्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला नाही.

26 आणि 28 हे आकडेही चाचपडूनच ठरले. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या नियमाने 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडचे तारांकित घरगुती एसी सुरू होताना 24 अंशांवर सुरू होतात आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्यूरो सांगते. आईला 24 फार गार होतात. दोन आकड्यांमध्ये अंतर ठेवणेही गरजेचे असते, कारण एकाच आकड्यावर चालू आणि बंद ठेवले तर कॉम्प्रेसर सतत सुरू होतो आणि थांबतो, आणि एकदा थांबल्यावर त्याला किमान तीन मिनिटे विसावा द्यावाच लागतो. जुलैत मात्र तापमानाचा आकडा अपुरा पडला. बाहेर संततधार, खोलीत 26 अंश, तरी आईच्या अंगाला चादर चिकटत होती. तेव्हा आर्द्रतेचा आकडा उपयोगी आला आणि ती 75 टक्क्यांच्या वर गेली की एसी ड्राय मोडवर, म्हणजे हवेतला ओलावा काढत, थोडा वेळ चालावा असा दुसरा नियम केला.

मे महिन्यात एक प्रसंग घडला, त्याने माझा विचार बदलला. भावाच्या फोनवरही हे नियंत्रण दिलेले होते. कौतुकाने आणि काळजीने, दोन्ही. एका रात्री वळवाने वीज गेली, तासाभराने आली, आणि तोवर खोली 29 अंशांवर पोचली होती. आपल्याकडे रात्रीचे दोन, तर मिनियापोलिसला दुपारचे साडेतीन वाजलेले. भावाला फोनवर सूचना दिसली आणि त्याने तिथूनच एसी चालू करून थेट 22 वर नेला. आई झोपेत होती. अंधारात एसीचा 'बीप' आवाज आला, पाती आपोआप हलली, आणि खोलीत कोणी आले आहे असे वाटून ती घाबरून उठली. सकाळी तिने मला एवढेच विचारले, "रात्री कोण चालू करतंय हे?" भावाने केले हे कळल्यावर तिला बरेही वाटले आणि कसेसेही झाले, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी त्या दिवशी भावाशी बोलले. त्याची काळजी खरी आहे आणि सात समुद्रांपलीकडून आईसाठी काही करता येते याचा त्याला किती आधार आहे हे मला माहीत आहे. तरीही आता त्याला आकडे दिसतात, बदलता येत नाहीत. आकडे दाखवायचे की नाही हेही मी आईला विचारले, कारण त्या आकड्यांवरून ती कधी झोपली आणि कधी उठली हे कळते. ती म्हणाली, "बघू दे की, माझा पोरगाच आहे."

इंटरनेटशिवाय चालण्याचा आग्रह मी का धरला, ते सांगते. 2011 मध्ये टोनी फॅडेल यांच्या नेस्ट कंपनीने घरच्या माणसांच्या सवयी शिकणारा थर्मोस्टॅट बाजारात आणला आणि स्मार्ट हा शब्द त्याच्यामुळे या वस्तूला कायमचा चिकटला. 2014 मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये त्या थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार थांबवला. ती यंत्रे भिंतीवर हाताने चालतात, फोनवरून चालत नाहीत. 83 वर्षांच्या माणसाच्या खोलीतली वस्तू तरी दूरच्या कोणाच्या निर्णयावर अवलंबून नसावी, असे मला मनापासून वाटते.

गीझरचे काम अजून अर्धवट आहे. त्याच्या आत थर्मोस्टॅट असतोच, मला फक्त ठरलेल्या वेळी चालू-बंद करणारा स्विच हवा होता, म्हणजे तो रात्रभर चालू राहणार नाही. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे पुरतात. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "ताई, ह्यात न्यूट्रलच न्हाई. फेज आली आन् हाफ गेली, एवढंच." जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सरळ गीझरकडे जाते, स्विचपर्यंत येतच नाही, आणि वायफायच्या स्विचला ती लागते. मला मिनियापोलिसच्या भिंतीतली ती दुमडलेली निळी तार आठवली. आमच्या भिंतीत तशी तार कोणी ठेवलेली नाही, ती छतापासून पट्टी मारून नव्याने ओढावी लागेल.

एसीच्या नोंदी मी आठवड्यातून एकदा पाहते. ऑक्टोबरच्या उकाड्यात लक्षात आले की रोज पहाटे साडेचारच्या आसपास आई तो हाताने बंद करते, खोली 26 वर असो वा 27 वर. मला वाटले पुन्हा पाय गारठत असतील, म्हणून पाती तपासली, सेन्सर तपासला, सगळे ठीक होते. शेवटी तिलाच विचारले. ती म्हणाली की एसी चालू असताना खिडकी लावून घ्यावी लागते आणि मग अंबाबाईच्या देवळातली पहाटेची घंटा ऐकू येत नाही. मी वेळापत्रकात सव्वाचारची वेळ घातली. आता एसी आपणहून थांबतो आणि ती उठून खिडकी उघडते.